खिडकीतलं नाव

“पण मास्तर, यात कमी काय आहे ते तरी सांगा.”

शार्दूलने हे तिसऱ्यांदा विचारलं. मास्तर सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत होते. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. तरी ते पुसत होते.

“सगळं चालतं का?”

“चालतं म्हणजे काय! पळतं.”

“मग झालं तर.”

“म्हणजे... खुर्ची?”

मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि डाव्या विंगेतल्या लाकडी खुर्चीकडे पाहिलं.

“खुर्चीचं बघू,” ते म्हणाले.

मिरजेतल्या त्या नाटक मंडळीत डाव्या विंगेतल्या खुर्चीला फार मान. तिथे बसणारा माणूस नाटकातले सगळे आवाज वाजवतो. दारावरची थाप, रेल्वेची शिट्टी, शेजारच्या घरातलं भांडण, सगळं त्याच्या हातात. मास्तर तिथे चाळीस वर्षं बसले. आधी मोठ्या चकत्यांची टेप, मग कॅसेट, मग सीडी. आता त्यांच्या डाव्या कानाने साफ राजीनामा दिला होता आणि उजवाही कुरकुरू लागला होता.

गुरुवारी दुपारी चारला स्पर्धेतला प्रयोग होता. बुधवारपर्यंत मास्तरांनी आपल्या जागी कुणाचं तरी नाव सांगावं, नाहीतर पुण्याहून माणूस आणायचा, असं मंडळींचं ठरलं होतं.

शार्दूल कवठेकर बत्तीस वर्षांचा. कॉम्प्युटर इंजिनिअर. घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करायचा आणि गेली दोन वर्षं दर रविवारी न चुकता मास्तरांच्या वायरी गुंडाळायला यायचा. त्याला ती खुर्ची हवी होती. इतकी हवी होती, की ती मिळाल्याचं त्याने बायकोला महिन्यापूर्वीच सांगून टाकलं होतं.

त्यामुळे आता माघार घ्यायची सोय नव्हती.

“मास्तर, हे सॉफ्टवेअर मुक्त आहे,” त्याने लॅपटॉप पुढे सरकवला. “कुणा एकाच्या मालकीचं नाही. जगात कुठंकुठं बसून लोकांनी लिहिलंय. आतलं सगळं उघडं. कुणीही बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं.”

“कुणीही?”

“कुणीही!”

“वा.” मास्तर मनापासून खूश झाले. “चांगली माणसं असणार.”

“मी तर त्यात माझे स्वतःचे बदलही केलेत. चौसष्ट क्यू बसवलेत, म्हणजे चौसष्ट इशारे. आवाज इकडं स्पीकरला, चित्र तिकडं मागच्या पडद्यावर, दोन्ही एका दमात. आणि खरं सांगू का?” शार्दूलचा आवाज थोडा खाली आला. अभिमानाची गोष्ट सांगताना माणसाचा येतो तसा. “आता हे माझ्याशिवाय कुणाच्या बापाला चालवता यायचं नाही.”

मास्तरांनी लॅपटॉपवरची नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं.

“असं?” ते म्हणाले.

“पैजेवर.”

“तू खाली जा. शेवटच्या रांगेत बस.”

“आणि इथं कोण?”

मास्तरांनी रंगपटाकडे तोंड करून हाक मारली, “जैतुनभाभी!”

जैतुनभाभी कपडेपट सांभाळायच्या. कपडेपट म्हणजे नाटकातल्या सगळ्या कपड्यांची धुण्यापासून इस्त्रीपर्यंतची उस्तवार. हातातला टाचण्यांचा डबा खाली ठेवून त्या आल्या. मास्तरांनी खुर्ची दाखवली. त्या पदर सावरून बसल्या. अजिबात बिचकल्या नाहीत, हे शार्दूलच्या लक्षात आलं आणि त्याला ते आवडलं नाही.

“भाभी, हे एवढं लांबडं बटण. बाकी कशाला हात लावू नका,” तो म्हणाला आणि धुसफुसत खाली गेला.

रंगीत तालीम सुरू झाली.

नाटक एका विधवा बाईचं. घरात यंत्रमाग. मुलगा भांडून गेलाय. पहिला अंक सुरू होतो तसा मागाचा आवाज चालू. रंगमंचाच्या मागच्या पडद्यावर एक खिडकी, तिच्यातून ऊन हळूहळू सरकतं. मग बाईला वाटतं, दारात कुणीतरी आलं. ती मागाचा खटका बंद करते. आवाज थांबतो. ती खिडकीकडे बघत कान देऊन उभी राहते... आणि काहीच ऐकू येत नाही.

नाटक काय आहे म्हणाल, तर ती शांतता. बाकीचं सगळं तिथे पोचण्यासाठी लिहिलेलं.

त्या खटक्याआधीची बारा मिनिटं लॅपटॉपपाशी बसणाऱ्याला काहीच काम नसे. आणि शार्दूलने लॅपटॉपला अशी व्यवस्था लावून ठेवली होती, की दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर त्याने आपणहून कुलूपबंद व्हावं. मधल्या वेळेत कुणी फालतू माणसाने बोटं घालू नयेत म्हणून. स्वतः शार्दूल बसलेला असला की दर मिनिटाला माऊस हलवायचा. ती त्याची सवयच होती. त्यामुळे हे कुलूप आजवर कधी लागलंच नव्हतं.

दहावं मिनिट संपलं.

खिडकी गेली. उन्हासकट गेली. तिच्या जागी निळ्या पडद्यावर माणसाएवढ्या अक्षरांत उमटलं:

शार्दूल कवठेकर. पासवर्ड टाका.

आईचं काम करणाऱ्या मंदाताईंची पडद्याकडे पाठ होती. त्यांना काहीच कळलं नाही. वेळ झाली तशा त्या उठल्या, मागाजवळ गेल्या, खटका बंद केला.

खटक-खटक, खटक-खटक.

त्यांनी पुन्हा बंद केला. माग चालूच. मग लिहिलंय त्याप्रमाणे त्यांनी खिडकीकडे वळून पाहिलं. तिथे शार्दूल होता. मंदाताई कसलेल्या नटी. ठरल्याप्रमाणे डोळ्यांत पाणी आणून त्या नावाकडे बघत राहिल्या.

पुढच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं.

शार्दूल तोवर धावत सुटला होता. विंगेच्या पायरीपाशी मास्तरांनी हात आडवा घातला.

“सोडा, मास्तर! पासवर्ड मला माहीत आहे!”

“माहीत आहे,” मास्तर म्हणाले.

हात तसाच.

माग अंक संपेपर्यंत खटखटत राहिला. पडदा पडला तेव्हा शार्दूलच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“नाव मोठं छान दिसलं,” मास्तर म्हणाले. “खिडकी कुठं गेली रे?”

“भाभींना येत नाही, त्याला मी काय करू?”

“ते काय विचारतंय तेच मला कळंना,” जैतुनभाभी खुर्चीतून म्हणाल्या. “माझं नाव विचारलं असतं तर सांगितलं असतं की.”

...

सोमवारी शार्दूल एक जाडजूड बाड घेऊन आला. रात्र जागून लिहिलेलं. एकतीस पानं. कुठलं बटण कधी दाबायचं, काय अडलं तर काय करायचं, बाणांसकट, चित्रांसकट. हसायची हिंमत करणाऱ्याने आधी हे वाचावं, असा एकंदर थाट.

“घ्या. आता कुणालाही येईल.”

मास्तरांनी पहिलं पान पाहिलं. मधलं एक पाहिलं. बाड हातात तोलून बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकत खाली वाकले आणि विंगेतल्या टेबलाच्या आखूड पायाखाली ते सरकवून दिलं.

ते टेबल वर्षानुवर्षं डुगडुगायचं. ते थांबलं.

“उपयोगी आहे,” मास्तर म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा मागमूस नव्हता. तेच शार्दूलला जास्त लागलं. दोन वर्षं वायरी गुंडाळल्या, त्याचं हे फळ! पुण्याहून माणूस आणा, नाहीतर दिल्लीहून आणा, आपला आणि या मंडळींचा संबंध संपला, असं मनाशी ठरवून तो लॅपटॉप आणायला कपडेपटात गेला. लॅपटॉप तिथल्या कपाटात असायचा आणि किल्ली जैतुनभाभींकडे.

भाभी मंदाताईंच्या लुगड्याला इस्त्री करत होत्या.

“किल्ली द्या, भाभी.”

“चाललास?”

“चाललो.”

“चहा?”

“नको.”

भाभींनी किल्ली दिली. शार्दूलने कपाट उघडलं. लॅपटॉपखाली चपलांचं एक जुनं खोकं होतं. ते नेहमीच असायचं. दर रविवारी तो ते बाजूला सारायचा. आत काय आहे हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. आज रागाच्या भरात त्याने लॅपटॉप असा ओढला, की खोकं खाली पडलं आणि चिठ्ठ्या भुईवर पसरल्या.

पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्या. पिवळ्या पडलेल्या. ठळक, मोठं, सुटंसुटं अक्षर. मास्तरांचं.

त्याने एक उचलली.

‘दिवा विझवते. दोन श्वास जाऊ देत. मग रेल्वे.’

दुसरी.

‘म्हातारा कुबडी भिंतीला टेकवतो. टेकली, की कुत्रा.’

“हे काय आहे?”

“मास्तरांच्या चिठ्ठ्या,” भाभी म्हणाल्या. “एक कॅसेट, एक चिठ्ठी. एका कॅसेटात एकच आवाज. लावायची, वाजवायची, काढायची.”

“पण यावर आवाज किती सेकंदांचा, कुठल्या नंबरचा, काहीच नाही.”

“ते कशाला? समोर काय दिसतं ते लिहिलंय न्हवं? ते दिसलं, की वाजवायचं.”

“आणि एवढं मोठं अक्षर कुणासाठी? मास्तरांना तेव्हा चांगलं दिसत असणार.”

भाभींनी इस्त्री उभी केली.

“माझ्यासाठी,” त्या म्हणाल्या. “मी चौथी शिकलेली, तीबी उर्दूत. मराठी वाचायला मी या चिठ्ठ्यांवरच शिकले. मास्तर म्हनायचे, भाभी, तुम्हाला वाचता आलं, की माझं लिहून झालं.”

शार्दूल चिठ्ठ्या गोळा करू लागला.

“पण मास्तर असताना तुम्हाला कशाला लागायचं वाचायला?”

“एकदा लागलं.”

त्यांनी लुगड्याची चुणी हाताने सरळ केली.

“मास्तरांची बायको वारली, त्या दिवशी. दुपारचा प्रयोग होता. दवाखान्यातनं निरोप आला, लगेच या. मास्तर उठले, मला म्हनले, बसा. आनि गेले. मागं वळूनबी बघितलं न्हाई.”

“मग?”

“मग काय? अडतीस आवाज होते. एक चुकला. कुत्र्याचा.” भाभींनी लुगडं उलटं केलं. “बायकोचा हात शेवटपर्यंत मास्तरांच्या हातात होता म्हनं.”

शार्दूलच्या हातात कुत्र्याची चिठ्ठी होती. ती खोक्यात ठेवायची, एवढंही त्याला काही वेळ सुचलं नाही. माझ्याशिवाय कुणाच्या बापाला चालवता यायचं नाही, हे आपलंच वाक्य त्याला आठवलं आणि त्याला स्वतःची लाज वाटली. अगदी सरळ, साधी लाज.

त्याने इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप उघडला.

“भाभी, जरा इकडं बघता?”

भाभींनी डोळे बारीक केले. पडद्यावर ओळींखाली ओळी होत्या. माग २, नवा, शेवटचा, सातवा. खिडकी ४ ब, दुरुस्त, फायनल.

“ही कसली नावं?”

“माझी. म्हणजे मी दिलेली.” तो घसा खाकरून म्हणाला, “खटक्याच्या वेळी तुम्हाला समोर काय दिसतं?”

“ताईंचा हात पुढं जातो.”

“आणि?”

“लगेच न्हाई लावत. एकदा दाराकडं बघते. मग बोट खटक्यावर.”

त्याने जुनं नाव पुसलं आणि लिहिलं: ‘दाराकडे बघते. बोट खटक्यावर. आता.’

“मोठं कर की,” भाभी म्हणाल्या.

त्याने अक्षर मोठं केलं.

“अजून.”

चौसष्ट ओळी होत्या. दोघं बसली. आधी त्याने ते कुलूप काढून टाकलं. मग तीन-तीन बोटांनी दाबायची आपली खास बटणं काढली. ती बसवायला त्याला एक अख्खा आठवडा लागला होता. काढायला चार मिनिटंही लागली नाहीत. बाविसाव्या ओळीवर भाभी अडल्या.

“भांडं पडतं ते, तीन सेकंदांनी असं लिहिलंयस. तीन सेकंद कोन मोजत बसणार? ताई पदर सोडते, तवा पडतं भांडं.”

“पदर?”

“तोंडात धरलेला असतो की. रडू येऊ नये म्हनून.”

शार्दूलने ते नाटक तालमीत सव्वीस वेळा चालवलं होतं. मंदाताई पदर तोंडात धरतात हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे लॅपटॉपवर असायचे, सेकंद मोजत.

“आणखी काय काय करतात ताई?” त्याने विचारलं.

“किती येळ हाय तुला?” भाभी म्हणाल्या आणि त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

...

बुधवारी दुपारी शेवटची तालीम होती. शार्दूलने मास्तरांना काही विचारलं नाही. जैतुनभाभींना खुर्चीत बसवलं आणि स्वतः जाऊन शेवटच्या रांगेत बसला.

माग सुरू झाला. खिडकीत ऊन सरकू लागलं. शार्दूलचा उजवा हात दोन-तीनदा आपोआप माऊस हलवायला गेला. तिथे माऊस नव्हता. मग तो हात मांडीवर पडून राहिला.

दहावं मिनिट गेलं. अकरावं गेलं.

मंदाताई थांबल्या. दाराकडे पाहिलं. बोट खटक्यावर.

शांतता झाली.

एवढी मोठी शांतता त्या नाट्यगृहात मावते हे शार्दूलला माहीत नव्हतं. बाई खिडकीकडे बघत उभी होती. पदर तोंडात. दारात कुणीच आलेलं नव्हतं. सव्वीस तालमींनंतर शार्दूलला पहिल्यांदा कळलं, की ती कुणाची वाट बघते आहे. त्याच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं आणि त्याने ते पुसलं नाही. अंधारात कोण बघतंय!

पदर सुटला. भांडं पडलं.

तालीम संपल्यावर मंडळींचे चिटणीस विंगेत आले.

“मास्तर, बुधवार आज. नाव सांगताय, का पुण्याला फोन लावू?”

“फोन नको.”

“मग नाव?”

“उद्या.”

चिटणीस कपाळाला हात लावून गेले. शार्दूल तिथेच वायर गुंडाळत होता. त्याने ऐकलं सगळं. पण विचारलं काहीच नाही. वायर गुंडाळून खुंटीला लावली आणि भाभींना म्हणाला, “एकतिसाव्या ओळीचं अक्षर अजून बारीकच आहे. उद्या लवकर येऊन मोठं करतो.”

मास्तरांनी ज्या कानाने थोडंफार ऐकू यायचं, तो कान त्याच्याकडे वळवला होता.

...

गुरुवारी पावणेचारला नाट्यगृह भरलं. पडद्यामागे नटराजापुढे नारळ फुटला. एकमेकांच्या पाया पडून झालं. पहिली घंटा वाजली.

टेबल डुगडुगत नव्हतं. लॅपटॉप उघडा होता. त्यावर मोठ्या अक्षरांत पहिली ओळ दिसत होती: ‘पडदा पूर्ण वर. ती डोक्यावरची टोपली उतरवते. टेकली, की माग.’

दुसरी घंटा वाजली.

जैतुनभाभी मंदाताईंच्या पोलक्याचा सुटलेला हूक टाके घालून बसवत होत्या. मास्तर मागच्या भिंतीशी एका पेटीवर बसले होते. खुर्ची रिकामी होती.

शार्दूल तिच्याजवळ उभा होता. दोन वर्षं जिच्यासाठी वायरी गुंडाळल्या ती खुर्ची हाताच्या अंतरावर होती. बायको तिसऱ्या रांगेत बसली होती. तरी तो बसला नाही. भाभी मोकळ्या होतील तर त्या बसतील, मास्तरांच्या मनात आलं तर ते बसतील, पहिली ओळ वाचता येईल असा कुणीही बसेल. नाटक होणार होतं. त्याला हे पक्कं माहीत होतं, आणि माहीत असूनही वाईट वाटत नव्हतं. याचंच त्याला नवल वाटत होतं.

पडद्याच्या फटीतून त्याने एकवार शेवटच्या रांगेकडे पाहिलं. मग मास्तरांकडे वळला.

“मास्तर,” तो त्यांच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाला, “मी कुठं बसू?”

मास्तरांनी चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं.

तिसरी घंटा वाजली.

“आता,” मास्तर म्हणाले, “कुठंही बस.”